स्नोमोबाईलवरचं आणीबाणीचं सामान: अख्खा हिवाळा वापरल्यानंतर

हा अनुभव एखाद्या वस्तूचा नाही, पूर्ण संचाचा आहे: अंगावरचं सामान, पाठीवरची 25 लिटरची सॅक आणि स्नोमोबाईलच्या, म्हणजे बर्फावर चालणाऱ्या गाडीच्या, टनेलवर (सीटमागच्या सपाट भागावर) बांधलेली पिशवी. काय न्यायचं याच्या याद्या ढीगभर मिळतात. खरी गोम आहे ती कुठली वस्तू कुठे ठेवायची यात. हिमस्खलनात माणूस एकीकडे आणि गाडी दुसरीकडे जाते. गाडी ओढ्यात रुतली किंवा बंद पडली तरी तिच्यापासून लांब चालत जावं लागू शकतं. त्यामुळे ज्यावर जीव अवलंबून आहे ते अंगावर, इतरांना खणून काढायचं सामान आणि रात्र काढायचं जुजबी सामान पाठीवर, आणि गाडीवर फक्त गाडीचं. ही वाटणी हिवाळाभर बदलावी लागली नाही.

अंगावर ट्रान्सीव्हर, म्हणजे बर्फाखाली गाडलेल्याला शोधता यावं म्हणून रेडिओ सिग्नल सोडणारं आणि पकडणारं यंत्र. तीन अँटेनांचा, 457 किलोहर्ट्झवर चालणारा. तो सॅकमध्ये नाही, तर आतल्या थरावर पट्ट्यांनी बांधलेला किंवा पँटच्या चेनवाल्या खिशात दोरीने अडकवलेला हवा. फोन आणि इतर इलेक्ट्रॉनिक वस्तू त्यापासून किमान 20 सेंटीमीटर लांब, आणि शोध घेताना 50 सेंटीमीटर. गाडीवाल्यांना एक जादा भानगड असते: गरम होणारे हातमोजे, हेल्मेटची गरम होणारी काच आणि चालू इंजिन, सगळेच सिग्नलमध्ये गोंधळ घालतात. शोध सुरू करताना आधी आसपासच्या सगळ्या गाड्या बंद. बॅटरी उत्पादकाने सांगितलेल्याच प्रकारची, बहुतेक यंत्रांत अल्कलाइन. दुसऱ्या प्रकारची घातली की स्क्रीनवरची टक्केवारी फसवते.

सॅटेलाइट मेसेंजर (मोबाईलची रेंज नसतानाही उपग्रहावरून संदेश पाठवणारं यंत्र) छातीच्या खिशात. उघड्या माळावर संदेश पटकन जातो, पण अरुंद घळीत किंवा दाट झाडीत बराच वेळ अडकून राहतो, तेव्हा मोकळं आकाश दिसेल अशा जागी जाऊन थांबावं लागतं. 406 मेगाहर्ट्झच्या पीएलबीला (उपग्रहामार्फत फक्त मदतीची हाक देणाऱ्या बीकनला) मासिक वर्गणी नसते आणि बॅटरी वर्षानुवर्षं टिकते, पण साध्या पीएलबीवरून ‘उशीर होतोय, काळजी नको’ असं कळवता येत नाही. रोजच्या उपयोगाचं म्हणून माझा कौल मेसेंजरला. फोन मात्र आतल्या खिशातच ठेवा, बाहेरच्या खिशात थंडीने त्याची बॅटरी बघता बघता बसते.

सॅकमध्ये फावडं आणि प्रोब, म्हणजे गाडलेला माणूस नेमका कुठे आहे ते बर्फात खुपसून बघायची जोडकाठी. पातं अ‍ॅल्युमिनियमचं हवं, दांडा लांबवता येणारा. घसरून आलेला बर्फ थांबला की काँक्रीटसारखा घट्ट बसतो, प्लॅस्टिकचं पातं त्यावर वाकतं. प्रोब 300 सेंटीमीटरचा. दिवसअखेर तो उलगडून वाळवला नाही तर सांध्यांत पाणी गोठतं आणि नेमक्या वेळी जोडला जात नाही. रुतलेली गाडी काढायला टनेलवर दुसरं, स्वस्तातलं फावडं ठेवा. नाहीतर सॅकमधलं फावडं सारखं बाहेर निघतं आणि मग गाडीशेजारीच राहून जातं. गाडलेल्या माणसाच्या जगण्याची शक्यता पहिल्या दहा-पंधरा मिनिटांनंतर झपाट्याने घसरते. तेवढ्यात फावडं हुडकायला वेळ कुणाकडे आहे?

सॅकमध्येच एअरबॅग असते: हँडल ओढलं की फुगते आणि हिमस्खलनात माणसाला बर्फाच्या वरच्या थरात ठेवायला मदत करते. तिचं हँडल डाव्या पट्ट्यावर सोयीचं पडतं, कारण थ्रॉटल उजव्या अंगठ्याखाली असतो. मांडीतून जाणारा पट्टा कंटाळा करून सोडू नका. तो नसेल तर फुगलेली पिशवी अंगावरून वर सरकते. आणि सॅकचं एकूण वजन आवरा. जड सॅक उतारावर उभं राहून गाडी कलती ठेवताना मागे ओढते, मग लोक ती काढून गाडीला बांधतात आणि सगळी वाटणीच बिघडते.

रात्र काढायला दोघांना पुरेल असा बिव्ही (आत शिरून झोपायची वारारोधक पिशवी), बसण्यापुरता फोमचा तुकडा, जादा लोकरी मोजे, लिथियम सेल चालणारा हेडटॉर्च, 25-30 सेंटीमीटर पात्याची घडीची करवत. चंदेरी पातळ ब्लँकेट सपशेल नापास. वाऱ्यात एका फटक्यात फाटतं. करवत मात्र अपेक्षेपेक्षा जास्त कामाची: खोल बर्फावर नुसती आग पेटवली तर ती खाली रुतून विझते, आधी खाली ओल्या ओंडक्यांचा थर करावा लागतो. लोखंडाची पूड असलेल्या गरम पुड्यांना हवा लागते, म्हणून घट्ट बुटात त्या लवकर थंड पडतात.

स्टोव्हचा प्रश्न थोडा किचकट आहे. साध्या ब्युटेनचा उत्कलनबिंदू उणे 0.5 अंश, आयसोब्युटेनचा सुमारे उणे 12, प्रोपेनचा उणे 42. मिश्रणाच्या डब्यात कडाक्याच्या थंडीत प्रोपेन आधी संपतं आणि अर्धा भरलेला डबाही मग धुगधुगत राहतो. डबा जॅकेटमध्ये घेऊन गरम ठेवला तर चालतो. त्याहून बरा पेट्रोलवर चालणारा मल्टिफ्युएल स्टोव्ह, कारण इंधन गाडीच्या टाकीतच आहे. पण तेल वेगळ्या टाकीतून इंजिनात सोडणारी गाडी असेल तरच. पेट्रोलमध्येच तेल मिसळायच्या जुन्या गाडीचं इंधन स्टोव्हचं जेट (इंधन सुटायचं बारीक भोक) बुजवतं. टाकीतून पेट्रोल काढायला हातपंपाची नळी ठेवा, तोंडाने ओढू नका. थंडीत पेट्रोल गोठत नाही, ते बाहेरच्या हवेइतकंच गार असतं. हातावर सांडलं तर कातडी तिथल्या तिथे गोठते. बर्फ वितळवताना भांड्यात आधी घोटभर पाणी घाला, नाहीतर तळ करपतो. बिव्हीत किंवा बर्फाच्या खड्ड्यात स्टोव्ह पेटवू नका, कार्बन मोनॉक्साइडचा वास येत नाही.

आता टनेलवरची पिशवी. इथे सगळं खराब होतं ते हादऱ्यांनी. गोळ्यांच्या पट्टीत महिन्याभरात पूड होते, काड्यांची गुलं एकमेकांवर घासून झडतात, सुट्या स्पार्क प्लगचं सिरॅमिक तडकतं. प्लग प्लॅस्टिकच्या नळीत, औषधं कापडात गुंडाळून डबीत. बारीक बर्फ चेनमधून आत शिरतो, इंजिनच्या उबेने वितळतो आणि थांबल्यावर चेन गोठून बसते. गुंडाळून बंद होणारी ड्राय बॅग घ्या आणि चेनवाली असेलच तर तिला हातमोज्यातून पकडता येईल असा लांब दोरीचा तुकडा बांधा.

आत: जादा ड्राइव्ह बेल्ट (इंजिनची ताकद पुढे पोचवणारा क्लचमधला पट्टा) आणि क्लच उघडायचं अवजार (बेल्ट असतो, अवजार घरी, हे फार आढळतं), प्रत्येक सिलिंडरला एक प्लग, टू-स्ट्रोक असेल तर लिटरभर तेल, सहा-सात मीटरचा ओढायचा पट्टा, तार, झिप टाय, डक्ट टेप. जादा बेल्ट नवा कोरा ठेवण्यापेक्षा आधी काही किलोमीटर हलक्या हाताने चालवून मग काढून ठेवलेला बरा.

हंगाम संपला की ट्रान्सीव्हर आणि हेडटॉर्चमधले सेल काढून ठेवा, गळलेल्या सेलने संपर्काच्या पट्ट्या गंजतात. एअरबॅग एकदा फुगवून बघा, सिलिंडरवाली असेल तर वजन करून भरलेला आहे ना ते पडताळा.