जेपीए की थेट हायबरनेट? नवं काम हाती घेण्याआधी

पणजी-पर्वरीकडच्या छोट्या टीमकडे हॉटेल बुकिंगचं किंवा पतसंस्थेचं काम आलं आणि ते जावात करायचं ठरलं, की हा प्रश्न पहिल्याच आठवड्यात उभा राहतो. डेटाबेसशी बोलणारा कोड जेपीएच्या (जावातल्या वस्तू डेटाबेसच्या टेबलांत साठवण्याचं मानक) प्रमाणित इंटरफेसवर लिहायचा, की ते मानक प्रत्यक्षात राबवणाऱ्या हायबरनेट या लायब्ररीचं स्वतःचं सेशन (डेटाबेसशी बोलायची तिची मुख्य वस्तू) आणि तिच्या खास सोयी थेट वापरायच्या? माझं मत ठाम आहे: जेपीए. पण त्यासाठी नेहमी जे कारण दिलं जातं, ते मला पटत नाही.

‘उद्या डेटाबेस बदलता येईल’ हे ते कारण. ओरॅकल आणि पोस्टग्रेस या डेटाबेसच्या एसक्यूएलमधला (डेटाबेसला प्रश्न विचारायच्या भाषेतला) फरक हायबरनेटचं डायलेक्ट, म्हणजे त्या त्या डेटाबेसच्या बोलीत एसक्यूएल लिहिणारा भाग, सांभाळतं, मग वर जेपीए असो वा नसो. आणि जे डायलेक्टला झाकता येत नाही, ते जेपीएलाही येत नाही. चेक-इनच्या फॉर्मवर पाहुण्याचं मधलं नाव रिकामं सोडलं, तर ओरॅकल ती रिकामी स्ट्रिंग नल (म्हणजे ‘माहिती नाही’) म्हणून ठेवतो, पोस्टग्रेस मात्र रिकामी स्ट्रिंगच ठेवतो. ‘मधलं नाव नल आहे’ ही अट ओरॅकलवर बरोबर चालते, पोस्टग्रेसवर तेच पाहुणे यादीतून गळतात.

खरं कारण आवृत्त्या बदलताना कळतं. हायबरनेटचं स्वतःचं जुनं क्रायटेरिया (कोडमधूनच क्वेरी बांधायची सोय) ५.२ मध्ये कालबाह्य ठरलं आणि ६.० मध्ये काढूनच टाकलं. सर्चचे सगळे स्क्रीन ज्यांनी त्यावर बांधले होते, त्यांना ते नव्याने लिहावे लागले. जेपीएचं क्रायटेरिया २००९ च्या २.० आवृत्तीत आलं, ते आजही चालू आहे. जेपीएवाल्यांनाही त्रास झालाच: २०२० च्या ३.० आवृत्तीत पॅकेजच्या नावातल्या ‘जावाएक्स’चं ‘जकार्ता’ झालं आणि प्रत्येक फाइलमधले इम्पोर्ट बदलावे लागले. पण ते काम शोधा-आणि-बदला करून उरकतं, क्वेरीचा विचार नव्याने करावा लागत नाही. (टेस्ट मात्र सगळ्या चालवाच. हायबरनेट ६ ने क्वेरीच्या वागण्यातही काही बदल केले आहेत.)

गोव्यात या फरकाला जास्तच वजन आहे. हॉटेलवाला सिस्टीमला हात लावू देतो तो पावसाळ्यात, ऑक्टोबरमध्ये सीझन लागला की नाही. त्यात कोड लिहिणारी मुलगी तोवर पुण्याला किंवा बंगळूरला गेलेली असते. तिच्या जागी येणाऱ्याला जेपीएचा एंटिटीमॅनेजर (सेशनचंच प्रमाणित रूप) माहीत असतो, हायबरनेटचे खास फिल्टर माहीत असतीलच असं नाही.

हायबरनेटचं पारडं जड होतं ते मोठ्या भरण्याच्या वेळी. जुन्या सिस्टीममधल्या हजारो नोंदी आत घेताना जेपीएचं पर्सिस्टन्स कॉन्टेक्स्ट (हाताळलेल्या वस्तूंची मेमरीतली यादी) प्रत्येक वस्तू धरून बसतं. अधूनमधून फ्लश (डेटाबेसमध्ये लिहून टाकणं) आणि क्लिअर (यादी रिकामी करणं) केलं नाही, तर मेमरी फुगते. हायबरनेटच्या स्टेटलेस सेशनमध्ये, म्हणजे अशी यादीच न ठेवणाऱ्या सेशनमध्ये, ही भानगडच नाही. आयडी मात्र सीक्वेन्सने (डेटाबेसमधल्या क्रमांक देणाऱ्या वेगळ्या गणकाने) द्या. आयडेंटिटी कॉलम (नोंद घालतानाच क्रमांक मिळणारा) असेल तर हायबरनेट इन्सर्टचं बॅचिंग (अनेक नोंदी एकत्र पाठवणं) बंद ठेवतं, आणि भरणं का मंदावलंय हे शोधण्यात माणसं उगाच दिवस घालवतात.

असं काम आलं म्हणून सगळा कोड हायबरनेटवर न्यायची गरज नाही. एंटिटीमॅनेजरवर अनरॅप करून सेशन मिळतं. ते एकाच पॅकेजमध्ये ठेवा आणि बाकी कुठल्याही फाइलमध्ये हायबरनेटचा इम्पोर्ट दिसला, तर रिव्ह्यूतच थांबवा. ही शिस्त पाळणारं कोणी टीममध्ये नसेल, तर जेपीए निवडूनही सहा महिन्यांत कोड हायबरनेटचाच होतो.

उद्या हायबरनेटऐवजी एक्लिप्सलिंक (जेपीए राबवणारी दुसरी लायब्ररी) लावता येईल, हा फायदा मी हिशेबात धरत नाही. जेपीएतल्या यूनियनसारख्या (दोन क्वेरींचे निकाल एकत्र करणं) उणिवा त्याच्या २०२४ च्या ३.२ आवृत्तीने भरून काढल्या आहेत, पण तुमचा सर्व्हर ती आवृत्ती चालवतो का ते आधी बघा.

आणि काम मुख्यतः रिपोर्टचं असेल, उदाहरणार्थ म्हापशाच्या एखाद्या पतसंस्थेची महिनाअखेरची व्याज आकारणी, तर या दोन्हींच्या नादी लागू नका. तिथे सरळ एसक्यूएल लिहा.