बाहेरून आणलेल्या फाऊंटन पेनच्या शाया आणि देवगडचा पावसाळा: वापरानंतरचा अनुभव

ज्यांना फक्त उत्तर हवंय त्यांच्यासाठी आधीच सांगून टाकतो. जपानला जाताय तर जपानी शाई घ्या, जवळजवळ निम्म्यात पडते. जर्मनीला जाताय तर शाईसाठी बॅगेत जागा अडवू नका. आणि राहायला कोकणात असाल तर रंगाच्या नादाला लागू नका, पाण्यात टिकते का ते आधी बघा. ज्यांना वेळ आहे त्यांनी पुढे वाचा, लांबलंय जरा.

मी देवगडला असतो. शाळेत मास्तर आणि घरची थोडी हापूसची कलमं. म्हणजे टाचण, पेपर तपासणं, पेट्यांचा हिशोब, कुठल्या कलमाला कधी फवारणी केली त्याची वही, सगळं लिखाण फाऊंटन पेननेच, आणि हौस म्हणून नाही तर रोजचं काम म्हणून, त्यामुळे शाई खपते भरपूर. भाचा नागोयाला नोकरीला आहे, दिवाळीच्या सुट्टीत त्याच्याकडे गेलो (आंब्याच्या सीझनला घर सोडायची सोय नाही) तेव्हा जपानी शाया आणल्या. युरोपातल्या माझ्याकडे आल्या त्या मेव्हण्याकडून, तो मर्चंट नेव्हीत, जहाज कधी हॅम्बुर्गला लागतं कधी लिव्हरपूलला. आता गणपती होऊन गेले, म्हणजे थंडी, उन्हाळा आणि पूर्ण पावसाळा या शायांनी बघून झालाय, म्हणून आत्ता लिहितोय. पावसाळ्याआधी लिहिलं असतं तर सगळ्यालाच पाच स्टार दिले असते.

आधी पैशाचं बोलू. पायलट या जपानी पेन कंपनीची इरोशिझुकु शाई, जी २००७ पासून येते आणि जिच्या बाटलीवरच लोक भाळतात, ती ५० मिलीची बाटली मी घेतली तेव्हा करासकट १६५० येनला होती. येन तेव्हा साठ पैशांच्या आतच होता, म्हणजे हजाराच्या आत बाटली. आपल्याकडे तीच ऑनलाइन साधारण दुप्पट. १५ मिलीच्या छोट्या बाटल्या पण मिळतात, पण मिलीमागे हिशोब केला तर त्या महाग, फक्त रंग चाखून बघायला ठीक. सेलर नावाच्या दुसऱ्या जपानी कंपनीच्या २० मिलीच्या चौकोनी बाटल्यांचं पण तेच, आणि त्यात शाई अर्ध्याखाली गेली की जाड निब बुडतच नाही, सिरिंजने काढावी लागते.

खरी गंमत पायलटच्या साध्या शाईत आहे. काळी, निळी, लाल, ब्लू-ब्लॅक, ३० मिलीची छोटी बाटली चार-पाचशे येनच्या आसपास, आणि हीच शाई ३५० मिलीच्या मोठ्या बाटलीत पण येते जिची किंमत इरोशिझुकुच्या ५० मिलीच्या आसपासच होती! मी दुकानात उभा राहून दोनदा लेबल वाचलं, भाच्याला पण वाचायला लावलं. सातपट शाई त्याच पैशात. टुरिस्ट मंडळी या बाटलीकडे बघत पण नाहीत कारण ती दिसायला औषधाच्या दुकानातली वाटते.

करमाफीचं थोडं समजून घ्या. जपानमध्ये वस्तूंवर १० टक्के कर आहे, आणि एका दुकानात एका दिवशी कराशिवाय ५००० येन किंवा जास्त खरेदी झाली की पासपोर्ट दाखवून तो माफ होतो. इरोशिझुकुच्या तीन बाटल्या म्हणजे कराशिवाय ४५००, पाचशे कमी पडतात, मग वर एक कन्व्हर्टर (पेनात शाई भरायची नळी) आणि साधी छोटी बाटली टाकली की पाच हजार पार. म्हणून चार दुकानांत फिरून एकेक बाटली घेण्यापेक्षा यादी करून एकाच ठिकाणी घ्या. मला सीलबंद पिशवीत दिल्या होत्या, ती जपान सोडेपर्यंत फोडायची नाही, त्यामुळे हॉटेलवर जाऊन पेनात भरून बघायचा मोह आवरा. १ नोव्हेंबर २०२६ पासून मात्र पद्धत बदलते, आधी करासकट पैसे भरायचे आणि निघताना परतावा घ्यायचा, त्यामुळे विमानतळावर थोडा वेळ हाताशी ठेवा.

दुकानं म्हणाल तर टोकियोत गिंझाचं इतोया, १९०४ सालचं, बघायला जरूर जा, मजल्यावर मजले नुसती स्टेशनरी. पण शाई घ्यायला मी म्हणेन योदोबाशी कॅमेरासारखी मोठी दुकानं, नाव कॅमेऱ्याचं पण पेनं शाई सगळं ठेवतात, गर्दीत कोणी तुमच्याकडे बघत नाही आणि निवांत हिशोब करता येतो. कोबेला गेलात तर नागासावा नावाच्या स्टेशनरीवाल्यांची स्वतःची शाई मिळते, कोबेतल्या जागांच्या नावाने एकेक रंग, बनवून देते सेलर. जपानात गावोगावच्या दुकानांची अशी आपली शाई असते. स्वस्त नसते ती, पण बाहेर सहज मिळत नाही म्हणून घ्यायची तर घ्या. (आपल्याकडे कोणीतरी विजयदुर्गाच्या नावाने शाई काढावी, मी पहिला गिऱ्हाईक.)

आणि हो, कार्ड. बऱ्याच कार्डांवर परदेशी खर्चाला साडेतीन टक्क्यांच्या आसपास शुल्क लावतात आणि वर त्या शुल्कावर जीएसटी. वाचवलेल्या करातला मोठा भाग तिथेच जातो. रोख येन किंवा फॉरेक्स कार्ड बरं.

घरबसल्या परदेशी दुकानातून मागवायचा विचार असेल तर तो सोडा. कुरियर, वर ड्युटी, वर जीएसटी, सगळं धरून बाटली इथल्यापेक्षा महाग होते. स्वस्ताई फक्त स्वतःच्या बॅगेत आहे, किंवा मेव्हण्याच्या.

बॅगेचं सांगतो. केबिनमध्ये १०० मिलीच्या वरची बाटली चालत नाही, ५० मिलीच्या चालतात पण सगळं द्रव एक लिटरच्या पारदर्शक पिशवीत बसायला हवं. ३५० मिलीची अर्थातच खालच्या बॅगेत. मी प्रत्येक झाकणाभोवती टेप गुंडाळली, मग टिश्यू, मग झिपची पिशवी, मग मोजे, आणि बॅगेच्या मधोमध. एक थेंब सांडला नाही. पेन मात्र विमानात एकतर पूर्ण भरलेलं न्या नाहीतर रिकामं, निब वर करून. विमान वर चढलं की केबिनमधला दाब कमी होतो, अर्धवट भरलेल्या पेनातली हवा फुगते आणि शाई ढकलते बाहेर, मग शर्टाचा खिसा गेला. मुंबईला कस्टमवाल्याने चार बाटल्यांकडे ढुंकून पण पाहिलं नाही. घरी आईने मात्र चौकशी केली, "इतक्या लांबसून शाय हाडलंस? हंय काय गावना नाय?"

गावता ना. पण ते नंतर.

आता मुख्य मुद्दा, पावसाळा. जूनपासून आमच्याकडे हवा इतकी ओली असते की वहीचं पान हातात घेतलं तर वाजत नाही. कागद ओल पितो, त्यावर शाई फुटते. उन्हाळ्यात ज्या कागदावर सुबक रेघ येत होती त्याच कागदावर जुलैत कडा पसरतात, आणि शाई वाळायला एवढा वेळ की पान उलटलं तर समोरच्या पानावर छाप. दोष शाईचा कमी आणि हवेचा जास्त, पण ओली वाहणारी शाई असेल तर जास्त जाणवतं, आणि इरोशिझुकु या अशा वाहणाऱ्याच शाया आहेत. मे महिन्यात त्यांच्यासारखं सुख नाही, निब कागदावर सरकते नुसती. पावसात मी त्या बारीक निबच्या पेनातच भरल्या, जाड निबला सुट्टी. टिपकागद लागतोच. लामी या जर्मन कंपनीची टी५२ बाटली मेव्हण्याने आणलेली, तिच्या बुडाशी टिपकागदाची गुंडाळीच असते, फाडायचा आणि दाबायचा, पावसाळ्यात त्या गुंडाळीची किंमत कळते.

मग पाण्याची टेस्ट. एका रद्दी रजिस्टरवर सगळ्या शायांनी एकेक ओळ लिहिली, दिवसभर ठेवली आणि पागोळीखाली धरलं पान. इरोशिझुकुतली कोन-पेकी, तो सुंदर निळा, जवळपास सगळा वाहून गेला. यामा-बुदो, जी रंगाने अगदी कोकमाच्या आगळासारखी आहे आणि मला सगळ्यात आवडते, तिचा गुलाबी डाग उरला, अक्षर नाही. यात कंपनीला नावं ठेवण्यासारखं काही नाही, पाण्यात विरघळणाऱ्या रंगाची शाई अशीच असणार. पेलिकन या जर्मन कंपनीच्या ४००१ शाईतला रॉयल ब्लू पण गेला, तो तर मुळात धुता यावा म्हणूनच असतो, जर्मन शाळेतली पोरं चूक झाली की खास पेनने तो पुसतात.

टिकल्या कोण? पायलटची साधी ब्लू-ब्लॅक, तीच औषधाच्या बाटलीवाली. निळसर भाग थोडा निघाला पण खाली गडद रेघ शाबूत, आकडा न आकडा वाचता येतो. प्लॅटिनम या जपानी कंपनीची कार्बन ब्लॅक तर हललीच नाही, तिच्यात विरघळणारा रंग नसून काजळीचे बारीक कण असतात, वाळले की पाण्याला दाद देत नाहीत. पण तीच गोष्ट पेनात झाली तर पेन बसलं, म्हणून ही शाई रोज वापरायच्या पेनातच भरा आणि आठ-पंधरा दिवसांनी धुवा. एप्रिल-मेच्या उकाड्यात टोपण सैल असलेल्या पेनात तर भरूच नका.

तिसरा प्रकार लोहयुक्त शायांचा, म्हणजे पेलिकन ४००१ ची ब्लू-ब्लॅक आणि लिव्हरपूलच्या डायमाइन कंपनीची रजिस्ट्रार्स. आपल्याकडे पूर्वी हिरडा आणि हिराकस घालून शाई करायचे तोच हिशोब, लिहिताना फिकट निळी दिसते आणि हवेतला ऑक्सिजन लागला की काळी पडत जाते, आणि तो काळा भाग पाण्यात विरघळत नाही. विलायतेत जन्म-लग्नाच्या नोंदवहीत याच प्रकारच्या शाईने लिहायचे. ओल्या कागदावर फुटायचं प्रमाण पण माझ्याकडे हिचंच सगळ्यात कमी. फक्त आम्ल असते, स्टीलची निब असेल तर पेन पडून ठेवायचं नाही, आणि इथल्या खाऱ्या हवेत तर पेनाची क्लिप पण गंजते, निबचं काय घेऊन बसलात. मी सोन्याच्या निबच्या एका जुन्या पेनात ठेवलीये, त्याला काही होत नाही. फवारणीची वही आता पूर्ण हिच्यावर.

बुरशीचं पण सांगायला हवं. आमच्याकडे चामड्याच्या चपलेवर बुरशी येते तर शाई काय चीज. एका बाटलीत (नाव घेत नाही, छोट्या बनवणाऱ्याची होती) श्रावणात पांढरा तंतू तरंगताना दिसला, ती सरळ ओतून टाकली आणि ते पेन पण धुवून वाळवलं. मोठ्या कंपन्यांच्या शाईत बुरशी मारणारं काहीतरी असतं, सेलरच्या शाईला तर त्याचा वास पण येतो, तरी काळजी घ्या. पेन बाटलीत बुडवून भरू नका, धुतलेल्या पेनाचं विहिरीचं पाणी आणि कागदाचा धुरळा सगळं आत जातं. छोट्या कुपीत लागेल तेवढी काढायची आणि त्यातून भरायचं, उरलेली परत बाटलीत ओतायची नाही. ३५० मिलीवाल्यांनी तर हे पाळायलाच हवं. खोके पावसाआधी काढून टाका, पहिली बुरशी पुठ्ठ्यावरच येते. बाटल्या मी पोह्याच्या घट्ट झाकणाच्या स्टीलच्या डब्यात ठेवतो, सोबत बुटाच्या खोक्यातल्या त्या सिलिका जेलच्या पुड्या.

युरोपाबद्दल थोडक्यात. जर्मनीत पेलिकन ४००१ इथल्यापेक्षा फार स्वस्त नाही, नेहमीचे रंग आपल्याकडे बऱ्या भावात मिळतात. करपरतावा तिथे ५० युरोच्या वर खरेदी असेल तरच, तेवढ्याची शाई कोण घेतं. इंग्लंडने तर १ जानेवारी २०२१ पासून टुरिस्टचा दुकानातला करपरतावा बंदच केलाय. तरी डायमाइनच्या ३० मिलीच्या प्लास्टिकच्या बाटल्या आणायला सोप्या, फुटायची भीती नाही, रंग ढीगभर. पार्करची क्विंक कुठूनच आणू नका, इथेच मिळते.

आणि आता आईच्या प्रश्नाचं उत्तर. पोरांच्या वह्या तपासायला, पेट्यांच्या कच्च्या हिशोबाला आपली कॅम्लिन किंवा ब्रिलच. दांडेकर बंधूंनी १९३१ मध्ये शाईची पूड आणि गोळ्या करण्यापासून सुरुवात केली ती ही कॅम्लिन, आणि त्यात २०११ पासून मोठा हिस्सा जपानच्या कोकुयोचा, म्हणजे मी जपानला जाऊन आलो ते आलोच, जपान आधीच देवगडच्या बाजारात येऊन बसलं होतं. पाण्यात तीही टिकत नाही पण कच्च्या हिशोबाला काय करायचंय टिकून. कोलकात्याची सुलेखा पण मधे बंद पडून परत सुरू झालीये, तिचे रंग चांगले आहेत, भावही आवाक्यात.

मेव्हणा पुढच्या महिन्यात साइन ऑन करतोय, म्हणजे जहाजावर रुजू होतोय, त्याच्या यादीत दोनच नावं दिलीत. जपान लागलं तर पायलटची ब्लू-ब्लॅक ३५० मिली, लिव्हरपूल लागलं तर रजिस्ट्रार्स. यामा-बुदो संपत आलीये, ती १५ मिलीची आणली तरी चालेल असं सांगितलंय, ती फक्त मे महिन्यासाठी.