बेलफास्ट सिंकभोवती ओट्याला काय लावावं: ग्रॅनाइट, क्वार्ट्झ, कडप्पा की लाकूड?

फायरक्लेचं, म्हणजे भट्टीत कडक भाजलेल्या मातीचं, खोल, पांढरं, पुढची बाजू उघडी ठेवून बसवायचं सिंक (दुकानात बेलफास्ट, फार्महाउस किंवा एप्रन सिंक अशी नावं ऐकू येतात) एकदा पसंत पडलं की बहुतेक घरांत पुढची चर्चा ओट्याच्या रंगावर सुरू होते. रंग शेवटी बघावा. या सिंकच्या पुढे ओट्याची पट्टी नसते, त्यामुळे ओटा इंग्रजी यू अक्षरासारखा कापावा लागतो आणि कापलेली कड तीन बाजूंनी उघडी, दिवसभर ओली राहते. ही कड आणि तिची खालची बाजू पाणी कसं सोसते, यावरच निवड करावी.

आधी सिंक बसतं कसं ते पाहू, कारण काही पर्याय तिथेच बाद होतात. ६०० मिमीचं सिंक साधारण ५९५ × ४६० × २५५ मिमी असतं. रिकामं असताना वजन ४० किलोच्या आसपास, भरल्यावर त्याच्या दुप्पट. स्टीलचं सिंक दगडाला खालून चिकटवून क्लिपांनी टांगता येतं, हे येत नाही. त्याला खालून स्वतःचा आधार हवा: दोन उभे कडप्पे आणि त्यांवर एक आडवी लादी, किंवा गंजरोधक रंग दिलेली लोखंडी अँगलची चौकट. लादीला मोरीच्या जाळीसाठी मोठं भोक ठेवा. जाळीचा व्यास ९० मिमी असला तरी नट फिरवायला हात जाईल एवढी, म्हणजे १५० मिमीच्या आसपास जागा लागते.

भट्टीत भाजताना फायरक्ले आकसतो, म्हणून मापात दोन टक्क्यांपर्यंत फरक चालतो असं कंपन्याच सांगतात. ६०० मिमीवर तो १२ मिमी झाला. कॅटलॉगच्या मापावर दगड कापला की एका बाजूला फट आणि दुसऱ्या बाजूला काठ झाकलेला, हे ठरलेलं. सिंक आधी जागेवर, पातळीत बसवा, त्यावर पुठ्ठ्याचा किंवा पातळ प्लायचा साचा काढा आणि मगच दगड कापायला द्या.

ओटा सिंकच्या काठावर १० ते १२ मिमी आत आलेला असावा. त्या पुढे आलेल्या भागाच्या खालून, कडेपासून ५-६ मिमीवर, ३ मिमी खोल बारीक खाच मारून घ्या. ओट्यावरून ओघळलेलं पाणी पृष्ठताणामुळे दगडाच्या पोटाला चिकटून मागे सरकतं. खाचेपाशी ते तुटून सिंकमध्ये पडतं. खाच नसेल तर ते सांध्यात शिरतं आणि दोन पावसाळ्यांत खालचं कपाट फुगतं. पुढच्या बाजूला सिंक कपाटाच्या दारांपेक्षा २०-३० मिमी पुढे काढण्याचं कारणही तेच, दारांवर ओघळ येऊ नयेत.

ग्रॅनाइट. आपल्याकडच्या स्वयंपाकघरासाठी पहिली पसंती हीच, आणि तीही गडद रंगाची. गरम कढई, चिंच, लिंबू, हळद, यांतल्या कशानेही तो हटत नाही. घ्यायचा मात्र २० मिमीचा. बाजारात १६-१८ मिमीचा सर्रास २० म्हणून विकला जातो, कॅलिपर (जाडी मोजायचं साधन) लावून बघा. साध्या ओट्याला १८ चालून जातो, पण इथे सिंकमागे अरुंद पट्टी उरते. ६०० मिमी रुंद ओट्यात ४६० मिमीचं सिंक समोरून सपाट बसवलं तर मागे १४० मिमी राहतात, ५०० मिमीच्या सिंकमागे जेमतेम १००. त्यात नळासाठी ३५ मिमीचं भोक पाडलं की पट्टी तिथेच तडकते, बहुधा जिन्यावरून वर नेताना. बेलफास्ट सिंकला स्वतःचं नळाचं भोक नसतं. तेव्हा नळ भिंतीतच घ्यावा. आपल्याकडे ती पद्धत रूढ आहेच.

जिना अरुंद असेल आणि अख्खा यू वर जाणार नसेल तर सांधा सिंकच्या मागच्या पट्टीच्या मध्यावर घ्या, तिथे तो सर्वांत आखूड होतो. मागच्या कोपऱ्यांत सांधा नको. कोपऱ्यांबद्दल आणखी एक: कारागीर चार इंची कटरने दोन्ही रेघा कोपऱ्याच्या पुढपर्यंत नेतो, तिथे फुलीसारखा काप राहतो आणि तडा त्याच कापातून सुरू होतो. प्रत्येक कोपऱ्यात आधी कोअर बिटने गोल भोक पाडायला लावा, किमान १० मिमी त्रिज्येचं, आणि मग भोकं रेघांनी जोडू द्या. हे काम सुरू होण्याआधी सांगावं लागतं. नंतर उपाय नाही.

फिकट ग्रॅनाइट घ्यायचाच असेल तर कापलेली कड आणि खालची १५० मिमीची पट्टी यांना बसवण्याआधी सीलर (पाणी मुरू न देणारा लेप) द्या. नाहीतर सिंकभोवती कायमची ओली, काळपट किनार दिसू लागते. काळ्यावर ती दिसत नाही, पण बोअरच्या जड पाण्याचे पांढरे डाग काळ्यावरच उठून दिसतात. लंडनमध्ये राहणाऱ्यांनाही तिथल्या क्षारयुक्त पाण्यामुळे हा त्रास ओळखीचा असेल.

क्वार्ट्झ. साधारण ९० टक्के क्वार्ट्झचा चुरा आणि बाकी रेझिन, म्हणजे तो चुरा धरून ठेवणारा प्लास्टिकसारखा डिंक. पाणी शोषत नाही, कडेला सीलर लागत नाही, रंग एकसारखा. सिंकभोवतीच्या कडेपुरतं बोलायचं तर ग्रॅनाइटपेक्षाही सरस. दुखणं रेझिनचं आहे: १५० अंशांच्या पुढे ते करपतं, आणि गॅसवरून उतरवलेला तवा त्याहून बराच गरम असतो. सिंकशेजारी गरम भांडं टेकवायची सवय सगळ्यांनाच असते. पांढऱ्या क्वार्ट्झवर हळद रात्रभर राहिली तर पिवळी छटा उरते, आणि खिडकीतून थेट ऊन येत असेल तर रेझिनही पिवळं पडतं. कापणं कारखान्यातच, पाण्याखाली करून घ्यावं. या दगडाच्या कोरड्या धुळीत सिलिका फार असते. कारागिरांना होणाऱ्या सिलिकोसिस या फुप्फुसांच्या आजारामुळेच ऑस्ट्रेलियाने १ जुलै २०२४ पासून त्यावर बंदी घातली. घरात कोरडा कटर चालवायला तयार असलेला ठेकेदार नको.

सिंटर्ड किंवा पोर्सेलीन स्लॅब. खनिजांची भुकटी दाबून, भट्टीत भाजून केलेला. उष्णता, आम्ल, डाग सगळं सोसतो. पण १२ मिमीची कड कुकरच्या झाकणाने टवका उडवून घेते, आणि या सिंकला कड तीन बाजूंनी आहे. टवका बेमालूम बुजवता येत नाही.

कडप्पा आणि कोटा. दोन्ही चुनखडीचे दगड, सर्वांत स्वस्त. लिंबू, आमसूल, व्हिनेगर यांचा थेंब पडला की पॉलिश जातं आणि फिकट डाग राहतो. सिंकच्या आसपास हे रोज होणार. पांढऱ्या सिंकला चकाकी आणायला कुणी ॲसिड वापरलं तर बाजूचा कडप्पा त्याच दिवशी खराब. कडप्प्याची जागा सिंकच्या खाली, आधाराला. तिथे त्याला तोड नाही. संगमरवरावरही आम्लाचे तसेच डाग पडतात, वर तो मऊ. देव्हाऱ्याला शोभतो, इथे नको.

लाकूड. ब्रिटनमध्ये या सिंकभोवती ओक किंवा इरोको या आफ्रिकी लाकडाच्या जाड फळ्या सर्रास दिसतात आणि फोटोंत त्याच बघून आपल्याकडे मागणी येते. आपल्याकडे लावायचं तर जुनं, मुरलेलं सागवान. बसवण्याआधी वर, खाली, कडांना आणि खाचेच्या आतही तेलाचे तीन-चार हात, पहिल्या वर्षी दर दोन-तीन महिन्यांनी पुन्हा. कापलेल्या टोकाकडच्या नसा पाणी सर्वांत जास्त ओढतात, काळं पडणं तिथूनच सुरू होतं. ओल्या लाकडावर लोखंडी कढई किंवा तवा ठेवला की लाकडातल्या टॅनिन या द्रव्यामुळे निळसर काळा डाग उठतो. फळी आवळून न बसवता लांबट भोकांतून स्क्रू घ्या, म्हणजे पावसाळ्यात तिला फुगायला जागा राहते. कोकणातल्या किंवा वाळवी असलेल्या घरात, आणि दिवसातून तीनदा भांडी घासली जातात तिथे, हा खटाटोप आम्ही सुचवणार नाही. परदेशात, डिशवॉशर असलेल्या घरात, खुशाल लावा.

लॅमिनेट. भुशाच्या बोर्डावरचं साधं लॅमिनेट बाद. कापलेली कड एका हंगामात फुगते. आरपार घट्ट असलेलं १२ मिमीचं कॉम्पॅक्ट लॅमिनेट मात्र चालतं. कड काळी दिसते, पण पाणी शिरत नाही. गरम भांड्याखाली फक्त जाळी ठेवावी लागते.

भांडी निथळायला ओट्यातच चर हवे असतील तर २० मिमीचा ग्रॅनाइट किंवा जाड लाकूड, एवढेच सोपे पर्याय. १२ मिमीत खोली मिळत नाही. सिंककडे उतार देत १ मिमीपासून ४ मिमीपर्यंत खोल होत जाणारे चार-पाच चर पुरतात.

सांध्याला न्यूट्रल क्युअर सॅनिटरी सिलिकॉन मागा. व्हिनेगरसारखा वास येणारं स्वस्त सिलिकॉन आम्ल सोडतं, चुनखडीच्या दगडाला खातं. रंग पांढरा नको, हळदीने महिन्यात पिवळा होतो. पारदर्शक किंवा दगडाच्या रंगाचा घ्या. सांधा भरण्याआधी सिंक काठोकाठ पाण्याने भरून एक दिवस ठेवा. आधार बसायचा तेवढा बसू द्या, मग सांधा भरा आणि २४ तास नळ बंद.

काळा ग्रॅनाइट घेताना पांढऱ्या फडक्यावर थोडं ॲसिटोन घेऊन पॉलिशवर आणि कापलेल्या कडेवरही घासा. फडकं काळं झालं तर दगड रंगवलेला आहे. सिंकशेजारी तो वर्षभरात राखाडी होईल, दुसरी लादी दाखवायला सांगा.