क्रॉनिक मायग्रेनसाठी बोटॉक्स घेतलं, त्या हेडेक क्लिनिकबद्दल

क्रॉनिक मायग्रेनवर, म्हणजे महिन्यात 15 किंवा जास्त दिवस डोकं दुखत असेल तर, बोटॉक्सची इंजेक्शनं घ्यावीत का असा प्रश्न पडलेल्यांसाठी जरा सविस्तर लिहितेय, कारण मी शोधत होते तेव्हा मराठीत कुणाचा स्वतःचा अनुभव सापडलाच नाही.

आपल्याकडे डोकं उठलं की पित्त. उलटी झाल्यावर बरं वाटतं ना, मग पित्तच, असं घरीदारी सगळ्यांचं ठाम मत, त्यामुळे सूतशेखर झालं, मोरावळा झाला, मग कुणीतरी सायनस म्हणालं म्हणून वाफारे, चष्म्याचा नंबर, आणि हे सगळं करून इथे पोचले तोवर महिन्यातले निम्म्याहून जास्त दिवस डोकं ठणकत असायचं.

इथली सगळ्यात चांगली गोष्ट म्हणजे डॉक्टर मॅडमनी पहिल्या भेटीत इंजेक्शनचा विषयसुद्धा काढला नाही. आधी डायरी लिहायला लावली, कधी दुखलं, झोप किती झाली, पाळी कधी आली, आणि मुख्य म्हणजे गोळी कुठली घेतली. साधी पेनकिलर महिन्यात 15 किंवा जास्त दिवस, आणि ट्रिप्टान (मायग्रेन उठल्यावर घ्यायची खास गोळी) किंवा कॅफिन मिसळलेली गोळी 10 किंवा जास्त दिवस, असं तीन महिन्यांच्या वर चालू राहिलं तर त्या गोळ्यांनीच डोकं दुखायला लागतं, हे मला आयुष्यात पहिल्यांदा इथे कळलं. आजवर कुणी सांगितलंच नव्हतं, मेडिकलवाला तर पट्टी हातात देऊन मोकळा. गोळ्या बंद केल्यावरचे सुरुवातीचे दिवस भयंकर गेले पण इथल्या सिस्टर दर वेळी फोन उचलायच्या आणि नीट बोलायच्या, त्यांचे मनापासून आभार.

मग मायग्रेन कमी वेळा यावं म्हणून रोज घ्यायच्या गोळ्या. मला दमा असल्यामुळे त्यातली प्रोप्रानोलोल बादच, दम्यात ती चालत नाही. फ्लुनारिझिनने दिवसभर पेंग आणि वजन वाढलं. टोपिरामेटने बोटांना मुंग्या यायच्या आणि बोलता बोलता साधे शब्द आठवेनात, मी शाळेत शिकवते, फळ्यासमोर असं अडकून कसं चालेल? त्यानंतर मॅडम म्हणाल्या, आता बोटॉक्स करून बघू.

31 ठिकाणी टोचतात, एकूण 155 युनिट, कपाळ, कानशिलं, डोक्याची मागची बाजू, मान आणि खांदे. सुई अगदी बारीक असते. भुवयांच्या मध्ये जाम झोंबतं, डोळ्यांतून आपोआप पाणी येतं, आणि कपाळावर टोचताना बारीकसा करकर आवाज आपल्याला आतून ऐकू येतो, तो आधी माहीत असलेला बरा म्हणजे दचकायला होत नाही. अर्ध्या तासाच्या आत सगळं उरकतं. नंतर काही तास आडवं व्हायचं नाही, डोकं चोळायचं नाही. माझी मान आठवडाभर आखडली होती, काहींची पापणी थोडे दिवस खाली उतरते म्हणे, माझी नाही उतरली.

फरक पडला का? पहिल्या राउंडला थोडा, दुसऱ्यानंतर चांगलाच. मायग्रेन गेलेलं नाही, पण दिवस निम्मे झालेत आणि आलं तरी अंधाऱ्या खोलीत पडून राहावं लागत नाही. परवा भाच्याच्या लग्नात अख्ख्या वरातीत चालले, डीजे आणि लायटिंगसकट. दर 12 आठवड्यांनी परत घ्यावं लागतं आणि शेवटी शेवटी असर उतरलेला जाणवतो. ज्यांचं डोकं महिन्यात 15 दिवसांपेक्षा कमी दुखतं त्यांच्यासाठी ही ट्रीटमेंट नाहीये, हे मॅडम स्वतःच स्पष्ट सांगतात, आणि डायरी न बघता थेट सुई काढणाऱ्या ठिकाणी कृपया जाऊ नका.

खर्च मात्र भरपूर आहे. बिल पाच आकडी, माझ्या इन्शुरन्सने ओपीडी म्हणून नाकारलं. 100 युनिटची बाटली असेल तर दोन लागतात, मग उरलेल्याचं काय करणार ते आधी विचारा, माझ्या जिथे जास्त दुखतं तिथे मॅडमनी ज्यादा पॉइंट दिले, एकूण 195 युनिटपर्यंत देता येतात.

तक्रार एकच. वेटिंगमध्ये पांढऱ्याफटक ट्यूबलाइट आणि वर रूम फ्रेशनरचा उग्र वास, आणि तिथे दीड-दोन तास बसवतात. समोर डोळ्यांवर ओढणी धरून बसलेल्या बायका दिसत असताना हे कुणाच्या लक्षात कसं येत नाही! सकाळची पहिली अपॉइंटमेंट मागून घ्या, गॉगल न्या. एक स्टार त्याचाच कापलाय, लाइट बदलले की रिव्ह्यू पण बदलेन.