अ‍ॅडापलीन जेल: अजून न उठलेल्या मुरमांसाठी

मी पोहणं शिकवते. पस्तिशी ओलांडली आणि कॉलेज संपताना गेलेले पिंपल्स हनुवटीवर, जबड्याच्या कडेने पुन्हा ठाण मांडून बसले. प्रकार फार गंभीर नव्हता. टोपीच्या कडेखाली कपाळावर बारीक पुटकुळ्या, नाकाशेजारी ब्लॅकहेड्स आणि पाळीच्या आधी हनुवटीवर येणारे लाल, दुखरे फोड, एवढंच. त्वचारोगतज्ज्ञ बाईंनी तपासून 'सौम्य' म्हटलं आणि अ‍ॅडापलीन ०.१ टक्के जेल लिहून दिलं. ही ट्यूब आता माझ्याकडे कायमची आहे.

हे औषध नवं नाही. अमेरिकेत त्याला १९९६ मध्ये मान्यता मिळाली आणि २०१६ पासून ०.१ टक्क्याचं जेल तिथे चिठ्ठीशिवाय मिळू लागलं. त्याचं काम मात्र नीट समजून घ्यायला हवं, कारण त्यावरच सगळं अवलंबून आहे. मुरूम दिसायला लागतो त्याच्या कितीतरी आधी तो सुरू झालेला असतो. छिद्राच्या तोंडाशी मृत पेशी सुटून जायच्या ऐवजी चिकटून बसतात, मागे तेल साचतं, आणि वरून त्वचा अगदी स्वच्छ दिसत असते. अ‍ॅडापलीन हे रेटिनॉइड, म्हणजे अ जीवनसत्त्वाच्या कुळातलं. ते पेशींचं सुटणं सुरळीत करतं, त्यामुळे छिद्राला बूच बसतच नाही. सूजही थोडी उतरवतं. म्हणून ते उठलेल्या फोडावर टिपक्यासारखं लावायचं नसतं, पिंपल्स येतात तो सगळा भाग धरून लावायचं. 'लावलं, काहीच झालं नाही' अशा तक्रारी मी पुष्कळ ऐकते. त्यातले बरेच जण फक्त फोडावर लावत होते.

माझी पद्धत सांगते. रात्री सौम्य फेसवॉशने तोंड धुते, चेहरा पूर्ण कोरडा होऊ देते आणि मग मटारच्या दाण्याएवढं जेल कपाळ, गाल, हनुवटीवर पातळ पसरते. डोळ्यांच्या कडा, नाकपुड्यांचे कोपरे आणि ओठ सोडून. वरून मॉइश्चरायझर. सुरुवातीला रोज नाही, एक रात्र सोडून एक. माझी त्वचा क्लोरीनच्या पाण्याने आधीच ओढलेली असते, त्यामुळे पहिले काही आठवडे ओठांच्या बाजूने सालपटं निघाली, तोंड धुतलं की चुरचुरायचं, आणि पुटकुळ्याही थोड्या वाढल्या. हा टप्पा पुष्कळांना येतो आणि इथेच लोक ट्यूब टाकून देतात. मला त्याचं फार वाईट वाटतं, कारण खरा फरक कळायला आठ ते बारा आठवडे द्यावेच लागतात. माझं कपाळ आधी साफ झालं. हनुवटी सगळ्यात शेवटी.

दिवसा सनस्क्रीन. यात तडजोड नाही, कारण या औषधाने त्वचा उन्हाला हळवी होते. मी उघड्या तलावाकाठी उभी असते, त्यामुळे 'वॉटर रेझिस्टंट' लिहिलेलं आणि छिद्रं न बुजवणारं घेते. पाण्यातून बाहेर आले की पुन्हा लावते.

उठलेल्या फोडासाठी बेंझॉइल पेरॉक्साइड वेगळं ठेवलंय, तेही २.५ टक्क्यांचंच. ते मुरमातले जिवाणू मारतं, आणि अँटिबायोटिक मलमांसारखी जिवाणूंना त्याची सवय होत नाही. दहा टक्क्यांचं जास्त जालीम असेल असं वाटतं, पण लाल फोडांवर २.५ चा परिणाम जवळपास तेवढाच आणि जळजळ कमी. ते सकाळी लावते, म्हणजे दोन्हींचा त्रास एकदम होत नाही. एक मात्र सांभाळा: ते कापडाचा रंग उडवतं. टॉवेल आणि उशीचा अभ्रा पांढराच वापरा.

आता जेलबद्दलच्या तक्रारी. ट्यूबसोबतच्या पत्रकावरची अक्षरं इतकी बारीक आहेत की 'गरोदरपणात वापरू नका' ही सगळ्यात महत्त्वाची ओळ शोधावी लागते. ती ठळक, बाहेरच्या खोक्यावर हवी. मूल होऊ देण्याचा विचार असेल तरीही आधी डॉक्टरांशी बोला. दुसरं, जेल तेलकट त्वचेला छान बसतं, चिकट लागत नाही, पण कोरड्या त्वचेला ते वाळवून टाकतं. तिसरं, मुरूम गेल्यावर मागे राहिलेल्या तपकिरी डागांवर त्याचा परिणाम फार सावकाश होतो. फक्त डागांसाठी कोणी हे घेणार असेल तर मी आग्रह करणार नाही.

माझ्याकडे शिकणाऱ्या मुली विचारतात, "ताई, मीपण लावू का?" मी त्यांना आईबरोबर डॉक्टरांकडे जायला सांगते. खोलवर गाठी असतील, खड्डे पडत असतील, किंवा पाळी अनियमित होऊन चेहऱ्यावर केस वाढत असतील, तर नुसत्या जेलवर थांबणं बरोबर नाही. आणि 'लगेच उजळवणारं' म्हणून कुणी दिलेलं स्टेरॉइड मिसळलेलं क्रीम चेहऱ्याला लावूच नका. त्यानेच मुरमं येतात, आणि ते बंद केलं की आणखी उसळतात.

चेहरा साफ झाला तरी मी ट्यूब बंद केलेली नाही. छिद्रं पुन्हा बुजायला लागतातच, म्हणून आठवड्यातल्या काही रात्री लावणं चालू आहे. आताची संपत आली आहे. थंडीत त्वचा फार ओढते, तेव्हा पुढची ट्यूब याच औषधाच्या क्रीमची घेणार आहे.