लेकॅनेमॅब: औषध तपासले गेले, त्याभोवतीची सेवा नाही

लेकेम्बी या नावाने मिळणारे, अल्झायमरमुळे होणारी घसरण मंदावण्यासाठीचे लेकॅनेमॅब हे औषध माझ्या वडिलांना सुरू होऊन बराच काळ झाला आहे. त्यापूर्वी आम्ही त्याविषयी हाती लागेल ते सारे वाचून काढले होते, त्यामुळे या उपचाराचे परीक्षण लिहिण्याइतकी सामग्री आता आमच्या घरात जमली आहे. निष्कर्ष आधीच सांगते. औषधाचा दावा खरा आहे आणि तो लहान आहे. ते औषध रुग्णाच्या शिरेपर्यंत पोहोचवणारी जी सेवा आहे, ती मात्र रुग्णासोबत येणाऱ्या माणसाचा विचार करून आखलेली दिसत नाही. मी या दोन्हींचे परीक्षण वेगवेगळे करणार आहे, कारण डॉक्टरांशी बोलताना आणि बातम्या वाचताना या दोन गोष्टी सतत एकमेकींत मिसळून जातात.

आलॉइस अल्झायमर यांनी १९०६ साली एका रुग्ण स्त्रीच्या मेंदूत जे थर आणि गुंते पाहिले, त्यांपैकी थर बीटा अमायलॉइड या प्रथिनाचे असतात आणि गुंते टाऊ या प्रथिनाचे, हे १९८०च्या दशकात स्पष्ट झाले. लेकॅनेमॅब हे अमायलॉइडला जाऊन चिकटणारे प्रतिपिंड, म्हणजे अँटिबॉडी आहे. या प्रथिनाचे पक्के थर बसण्यापूर्वी त्याचे जे विरघळलेले धागे तयार होतात, त्यांच्यावर त्याचा विशेष रोख असतो. ही कल्पना स्वीडनमधील संशोधक लार्स लानफेल्ट यांच्या कामातून आली. अल्झायमर आनुवंशिक असलेल्या तेथील एका कुटुंबात त्यांना एक जनुकीय बदल सापडला होता आणि त्या बदलामुळे असे धागे अधिक प्रमाणात तयार होत होते. याच जातीच्या अ‍ॅड्युकानुमॅब या आधीच्या औषधाला अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २०२१ मध्ये स्वतःच्याच सल्लागार समितीचे मत डावलून मान्यता दिली, आणि २०२४ मध्ये उत्पादक कंपनीने ते बंद करण्याचे जाहीर केले. त्यामुळे नव्या औषधाकडे संशयाने पाहणाऱ्यांना मी दोष देणार नाही. तरीही लेकॅनेमॅबची गोष्ट वेगळी आहे: त्याच्या मोठ्या चाचणीने जे सिद्ध करायचे म्हणून आधी ठरवले होते, तेच सिद्ध केले.

त्या चाचणीत १,७९५ रुग्ण होते आणि ती १८ महिने चालली. सौम्य विस्मरण किंवा अल्झायमरचा सौम्य टप्पा असलेल्यांनाच तीत घेतले होते. रोगाची तीव्रता मोजण्यासाठी जी गुणपद्धती वापरली, तीत स्मरण, स्थळकाळाचे भान, निर्णयक्षमता, समाजातील वावर, घरकाम व छंद आणि स्वतःची निगा अशा सहा रकान्यांची बेरीज ० ते १८ यांच्या दरम्यान येते, आणि गुण जितके जास्त तितकी अवस्था वाईट. १८ महिन्यांत औषध न मिळालेल्यांचे गुण सरासरी १.६६ ने वाढले, तर औषध मिळालेल्यांचे १.२१ ने. फरक ०.४५. यालाच बातम्यांत ‘घसरण २७ टक्क्यांनी मंदावली’ असे म्हटले गेले. तेही खरेच आहे, परंतु ते कोणत्या संख्येचे टक्के आहेत हे सांगितल्याशिवाय त्या वाक्यावर कोणीही विसंबू नये.

हा ०.४५ घरात कसा दिसतो, हे मी पुष्कळ शोधले. त्या सहा रकान्यांत एखाद्याची अवस्था बदलली असे नोंदवायचे झाले, तर लहानात लहान पायरी अर्ध्या गुणाची असते. म्हणजे सरासरी फरक त्या पायरीपेक्षाही किंचित कमी आहे. दुसरीकडे, औषध न घेणाऱ्यांची १८ महिन्यांतली घसरण एकसारख्या वेगाने झाली असे धरून साधे गणित मांडले, तर हा फरक सुमारे पाच महिन्यांच्या घसरणीइतका भरतो. सौम्य टप्प्यातले पाच महिने म्हणजे स्वतःची औषधे स्वतः घेणे, फोनवर बोललेले निरोप घरच्यांना सांगणे, वाद घालताना आपला मुद्दा न विसरणे. मला हे महिने क्षुल्लक वाटत नाहीत. अडचण ही, की ते कोणाला दाखवता येत नाहीत. डोनेपेझिलसारख्या जुन्या गोळीने काही जणांत थोड्याच आठवड्यांत तरतरी दिसते आणि घरच्यांना ती जाणवते. लेकॅनेमॅबचे यश मात्र ‘याहून वाईट झाले असते, ते झाले नाही’ एवढेच असते, आणि एका माणसाच्या बाबतीत ते कधीच तपासून पाहता येत नाही.

म्हणून कुटुंबे मेंदूतले अमायलॉइड दाखवणाऱ्या पेट स्कॅनचा आधार घेतात. अमायलॉइड कमी करण्यात हे औषध निःसंशय प्रभावी आहे, आणि आधीचे व नंतरचे चित्र शेजारी ठेवले तर कोणालाही ते दिसते. वडिलांचा अहवाल चांगला आला तेव्हा घरात सर्वांनी एकमेकांना फोन केले. परंतु रुग्णाच्या रोजच्या लक्षणांशी अमायलॉइडपेक्षा टाऊचा संबंध अधिक जवळचा असतो आणि तोवर मेलेल्या पेशी परत येत नाहीत, हे तो अहवाल हाती देणाऱ्यांनी त्याच वेळी सांगायला हवे होते. चांगल्या अहवालानंतरही घसरण चालूच राहिली तेव्हा आईला वाटले, की आपल्याच देखभालीत काही उणे राहिले.

धोक्यांची माहिती मात्र आम्हाला नीट दिली गेली, आणि त्याबद्दल मी पूर्ण गुण देते. मेंदूत सूज येणे आणि सूक्ष्म रक्तस्राव होणे हे या औषधाचे मुख्य धोके आहेत. चाचणीत सूज १२.६ टक्के रुग्णांत आढळली. त्यांतील बहुतेकांना काहीच त्रास झाला नाही आणि ती केवळ एमआरआयमध्ये दिसली. एकूण रुग्णांत त्रास जाणवलेले २.८ टक्के होते. एपीओई-४ या अल्झायमरचा धोका वाढवणाऱ्या जनुकाच्या दोन प्रती असलेल्यांत मात्र सुजेचे प्रमाण ३२.६ टक्क्यांपर्यंत गेले, आणि म्हणूनच युरोपीय संघाने २०२५ मध्ये मान्यता देताना अशा रुग्णांना वगळले. रक्त पातळ करणारी औषधे चालू असतील तर निर्णय आणखी कठीण होतो. शिवाय सुजेची लक्षणे पक्षाघातासारखी दिसू शकतात आणि पक्षाघातात गुठळी विरघळवण्यासाठी देतात ते इंजेक्शन अशा वेळी जिवावर बेतू शकते, त्यामुळे ‘मी लेकॅनेमॅबवर आहे’ असे लिहिलेले कार्ड रुग्णाच्या खिशात कायम असायला हवे. आमच्याकडे ते आहे.

जनुकाच्या तपासणीविषयी एक गोष्ट कोणत्याही माहितीपत्रकात ठळकपणे लिहिलेली मला आढळली नाही. वडिलांच्या जनुकाच्या दोन्ही प्रती एपीओई-४ निघाल्या, तर त्यांच्या प्रत्येक अपत्याकडे एक प्रत निश्चित आलेली असते. संमतीपत्रावर सही रुग्णाची होते, पण अहवालात मुलांविषयीचीही बातमी असते आणि ती ऐकायची की नाही, हे मुलांना विचारलेले नसते. आमच्या घरात भावाला ती ऐकायची नव्हती. डॉक्टरांनी सर्वांसमोर बोलण्यापूर्वी कोणी बाहेर थांबू इच्छिते का, एवढे विचारले असते तरी पुरे होते.

आता सेवेकडे येते, कारण माझी खरी तक्रार तिथे आहे. दर दोन आठवड्यांनी साधारण तासभर सलाईनमधून औषध जाते. त्याआधी शीर शोधणे, वजन करणे आणि औषध तयार होईपर्यंत थांबणे असते, त्यानंतर देखरेखीखाली बसणे असते. शिवाय ठरावीक मात्रांपूर्वी एमआरआय. पहिल्या मात्रेनंतर थंडीताप येऊ शकतो, तो आला आणि गेला. परिचारिका कुशल होत्या. परंतु ती खोली ज्यांना आपण इथे का आलो हे आठवते अशा रुग्णांसाठी मांडलेली होती. वडील सुई टोचण्याच्या क्षणी हमखास विचारत, “हे कशासाठी?” आणि दरवेळी त्यांना नव्याने कळे, की आपल्याला अल्झायमर झाला आहे. त्यांच्या शेजारी आई बसत असे. तिच्यासाठी एक स्टूल होते, आणि नावनोंदणीच्या अर्जात तिचे स्थान ‘सोबत आलेली व्यक्ती’ एवढेच होते.

याच केंद्रात वडिलांची गुणतपासणी झाली तेव्हा जे घडले, ते औषधाच्या यशापयशाच्या नोंदीवरच परिणाम करणारे आहे. वर सांगितलेल्या सहा रकान्यांचे गुण भरताना रुग्णाशी आणि त्याला जवळून ओळखणाऱ्या व्यक्तीशी स्वतंत्रपणे बोलायचे असते, अशीच ती पद्धत घडवलेली आहे. आईला मात्र वडिलांच्या समोरच विचारले गेले, की ते कपडे स्वतः घालतात का, पैशांचा हिशेब चुकतात का, ओळखीच्या जागी वाट चुकतात का. तिने प्रत्येक उत्तर सावरून दिले. बाहेर आल्यावर ती म्हणाली, “ह्यांच्यासमोर मी काय बोलणार?” त्या दिवशी कागदावर उतरलेल्या गुणांत किती वाटा औषधाचा होता आणि किती तिच्या संकोचाचा, हे आता कोणीही सांगू शकणार नाही.

औषधामुळे काळजी घेणाऱ्यांचा भारही कमी होतो, असे चाचणीचे निष्कर्ष सांगतात. झारिट यांची २२ प्रश्नांची जी प्रश्नावली आहे, तिच्यानुसार औषध घेणाऱ्या गटातील जोडीदारांचा व नातलगांचा भार दुसऱ्या गटाच्या तुलनेत सुमारे ३८ टक्के कमी वाढला. मला हे खोटे वाटत नाही. पण दुसऱ्या गटालाही दर दोन आठवड्यांनी तितकाच वेळ सलाईन लावले जात होते, फक्त त्यात औषध नव्हते. त्यांचेही एमआरआय होत होते, त्यांच्याही नातलगांची तितकीच धावपळ होत होती. म्हणजे या उपचारामुळे घरावर जो भार पडतो, तो दोन्ही पारड्यांत सारखाच होता आणि तुलनेतून आपोआप वजा झाला. औषध घेण्यासाठी जावे न लागणारे घर आणि जावे लागणारे घर यांची तुलना त्या चाचणीने केलीच नाही, आणि औषधाची चाचणी म्हणून तिने ती करण्याचे कारणही नव्हते. कारण नव्हते हे मान्य केले, तरी आम्हाला निर्णय घ्यायचा होता तो नेमका याच दोन घरांमधला.

काळजी घेणाऱ्या माणसावर लक्ष केंद्रित केले तर काय होऊ शकते, याचा पुरावा या औषधाहून जुना आहे. न्यूयॉर्क विद्यापीठातील मेरी मिटेलमन आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी अल्झायमरच्या रुग्णांची शुश्रूषा करणाऱ्या ४०६ पतीपत्नींवर केलेला अभ्यास २००६ मध्ये प्रसिद्ध झाला. त्यांतील निम्म्यांना वैयक्तिक आणि संपूर्ण कुटुंबासह मिळून सहा समुपदेशन बैठका, आधारगट आणि गरज पडेल तेव्हा फोनवर बोलण्याची सोय एवढेच दिले होते. अशा घरांत रुग्णाला शुश्रूषागृहात ठेवण्याची वेळ मध्यक हिशेबाने ५५७ दिवसांनी पुढे गेली. हा आकडा आणि ०.४५ हा आकडा एकाच फुटपट्टीवर मांडता येत नाहीत. एक संसाराचा हिशेब आहे आणि दुसरा रोगाच्या तीव्रतेचा. पण हाच ५५७ दिवसांचा लाभ एखाद्या गोळीने दिला असता, तर ती आज प्रत्येक अल्झायमर तज्ज्ञाच्या चिठ्ठीवर असती. आमच्या उपचारकेंद्रात एमआरआयचे वेळापत्रक पहिल्या दिवशी छापून मिळाले. आईसाठी समुपदेशक आहे का, असे मी विचारले तेव्हा एक दूरध्वनी क्रमांक मिळाला, आणि तो बहुतेक वेळा कोणी उचलत नसे.

मग हा उपचार कोणी घ्यावा? निदान लवकर झालेले आहे, बीटा अमायलॉइड असल्याची खात्री तपासणीने झालेली आहे, एपीओई-४च्या दोन प्रती नाहीत, रक्त पातळ करणारी औषधे चालू नाहीत, आणि ने-आण करण्यासाठी घरात एकाहून अधिक माणसे आहेत, अशा रुग्णाला मी हे औषध नाकारायला सांगणार नाही. यांतली शेवटची अट डॉक्टरांच्या यादीत नसते. मी ती सर्वांत वर ठेवीन. एकट्या वृद्ध जोडीदारावर सगळा भार असेल, तर दर महिन्याने दिले जाणारे डोनानेमॅब हे दुसरे औषध विचारात घेण्यासारखे आहे, कारण थर पुरेसे निघून गेले की ते थांबवता येते. मात्र त्यात सूज येण्याचे प्रमाण अधिक आहे. लेकॅनेमॅबसाठीही, काही काळानंतर चार आठवड्यांनी एकदा मात्रा घेण्याची मुभा अमेरिकेत २०२५ पासून मिळाली आहे. आमच्यासाठी तो बदल इतर कोणत्याही सुधारणेपेक्षा मोठा ठरला.

थांबायचे कधी, या प्रश्नाला मात्र अजूनही सरळ उत्तर नाही. रोग मध्यम टप्प्यात गेल्यावर औषध चालू ठेवण्यात अर्थ आहे का, हे चाचणीतून कळत नाही, कारण त्या टप्प्यातील रुग्णांना तीत घेतलेलेच नव्हते. आम्ही विचारले तेव्हा “पुढच्या तपासणीनंतर पाहू” असे उत्तर मिळाले आणि पुढच्या तपासणीनंतरही तेच मिळाले. शेवटी वडिलांचा विचार स्पष्ट होता तेव्हाच आम्ही त्यांना विचारून घेतले. त्यांनी सांगितले, की ज्या दिवसापासून मी सुईला घाबरून हात ओढून घेऊ लागेन आणि समजावूनही मला पटणार नाही, त्या दिवसापासून मला तिथे नेऊ नका. ते आईने लिहून घेतले, त्यांनी सही केली आणि तो कागद त्यांच्या फाइलमध्ये सर्वांत वर लावला आहे. संमतीपत्रांच्या त्या जाड गठ्ठ्यात त्यांच्या स्वतःच्या शब्दांत असलेला तेवढा एकच कागद आहे.