सोडियम एक नंबर, 'ड्राय' ईथर पावसात भिजलेलं

एमएस्सीच्या पोरांना वुर्ट्झ-फिटिग (सोडियम वापरून बेंझिनच्या कडीला कार्बनची साखळी जोडायची अभिक्रिया) करून दाखवायचं होतं म्हणून चिपळूणच्या एका केमिकलवाल्याकडून (नाव घेत नाही, पुढेही तिथूनच घ्यायचंय) 100 ग्रॅम सोडियम आणि अर्धा लिटर 'ड्राय' (म्हणजे पाणी काढलेलं) ईथर मागवलं, तेही भर जुलैत.

सोडियमला पैकीच्या पैकी. पत्र्याच्या डब्यात बाटली, आत तुकडे रॉकेलमध्ये पूर्ण बुडालेले, वरून पिवळट साल पण चाकू घातला की खव्यासारखं कापतं आणि आतून चांदी, तीही आपल्या कोकणच्या हवेत बघता बघता राखाडी होते, त्यामुळे कापा, टिपा आणि लगेच फ्लास्कात टाका, गप्पा नंतर.

ईथरने मात्र घात केला. लेबलवर विश्वास ठेवला ही माझीच चूक म्हणा. ब्रोमोबेंझिन, ब्युटाइल ब्रोमाइड, सोडियमचे तुकडे सगळं घातलं, आता फ्लास्क तापेल आणि ईथर आपोआप उकळेल (34.6 डिग्रीलाच उकळतं, बर्फ तयार ठेवावा लागतो) म्हणून वाट बघत बसलो तर थोडे बुडबुडे आले, तुकड्यांवर पांढरा थर चढला आणि खेळ खलास. नंतर नुसत्या ईथरमध्ये सोडियमचा कपटा टाकून बघितला तर सोडा वॉटरसारखं फसफसायला लागलं. प्रत्येक हॅलाइडमागे (इथे ब्रोमाइड) एक सोडियम अणू लागतो, तोच ईथरमधल्या पाण्याने आणि अल्कोहोलने खाल्ला तर जोडणी कोण करणार?

दुकानदार म्हणतो, "सर, सील तुम्हीच तोडलंत ना?" बरं.

मग ईथर आधी कॅल्शियम क्लोराइडवर ठेवलं, मग सोडियमची तार सोडून रात्रभर, बुडबुडे थांबेपर्यंत. दुसऱ्यांदा मस्त चाललं, तुकडे काळे-निळे पडले, ब्युटाइलबेंझिन 183 डिग्रीच्या आसपास आलं. पोरं पेपरात विसरतात ते ऑक्टेन (दोन ब्युटाइल जुळून, 126) आणि बायफिनाइल (दोन बेंझिनच्या कड्या जुळून, 255) पण सोबत असतातच, पण उकळबिंदू एवढे लांब की डिस्टिलेशनने सुटतात. 1855 मध्ये वुर्ट्झने नुसत्या अल्काइल (कार्बन साखळीच्या) हॅलाइडवर हे केलं, बेंझिनची कडी फिटिगने नंतर जोडली. मिथाइल आणि इथाइल ब्रोमाइड एकत्र घेतलं असतं तर इथेन, प्रोपेन, ब्युटेन तिन्ही गॅस, बसा वेगळे करत!

उरलेलं सोडियम बेसिनमध्ये टाकू नका हो, आयसोप्रोपाइल अल्कोहोलमध्ये थोडं थोडं टाकून निकामी करा.

सोडियमला 5 स्टार, ईथरला 1. पुढच्या वेळी साधं ईथरच घेणार, सुकवायचं तर मलाच आहे, निदान स्वस्त तरी पडेल.